जागा घेताना घरच्यांचा होकार



लोहाऱ्याहून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडलात तर काल जिथे तुरीचे रान होते तिथे आज चुन्याने आखलेल्या रेघा दिसतात. पानाच्या टपरीवर प्लॉटची गोष्ट, शाळेच्या मधल्या सुट्टीतही प्लॉटचीच गोष्ट. चार पैसे शिल्लक पडले की गड्याच्या मनात जागा येते, आणि त्याच रात्री जेवताना घरधनीण म्हणते, "नको बाई ते लचांड." कुठे उलटेही असते, बाईला जागा हवी असते आणि गडी कचरतो. एकाचा पाय पुढे आणि दुसऱ्याचा मागे, अशा वेळी जागा घेण्याची सुरुवात कशी करावी, याविषयी आज दोन शब्द बोलणार आहे. मी काही वकील नव्हे किंवा जमिनीचा व्यवहार करणाराही नव्हे. कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. पण या वाटेवर मी स्वतः ठेचाळता ठेचाळता वाचलो, म्हणून बोलतो.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ओळखीच्या मध्यस्थाने मला दोन गुंठ्यांचा तुकडा दाखवला. भाव बरा वाटला. "सर, सोमवारपर्यंत इसार द्या, मंगळवारी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे," असे त्याने सांगितले. शिल्लक रक्कम आणि पत्नीच्या पाटल्या मिळून हिशेब जुळत होता. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. ताट उचलताना एवढेच म्हणाली, "अहो, आधी मला ती जागा तरी दाखवा."

मला राग आला, हे कबूल करतो. शिकलेली बाई आणि एवढी भित्री कशी, असे मनात आले. तरीही रविवारी आम्ही दोघे गेलो. तिने रान पाहिले आणि तीन प्रश्न विचारले. "ही जमीन कागदावर कोणाकोणाची आहे? इथे यायची वाट कोणाच्या रानातून जाते? आणि उद्या तुम्हांला काही झाले, तर माझ्या हातात कोणता कागद असेल?"

मी प्राध्यापक, पण तिन्ही प्रश्नांना माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तिसरा प्रश्न कुठून आला, ते मला त्या रात्री कळले. तिचे माहेर सास्तूरच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे झोपली होती. चारच्या सुमारास जमीन हलली, आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची जड माती माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसे गेली. तिचे वडील त्यांत गेले. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढे सरकारने बावन्न गावे नव्या ठिकाणी वसवली, घरे दिली. पण जमीन आजोबांच्या नावावर, कागद ढिगाऱ्याखाली, आणि सासूबाईंचे नाव कुठेच नाही. वारस म्हणून नाव लागावे यासाठी त्या माउलीने मुलीचा हात धरून किती हेलपाटे घातले, याची मोजदाद नाही. म्हणजे माझी पत्नी जागेला भीत नव्हती. बाईला माहीत नसलेल्या व्यवहाराला ती भीत होती, आणि ती भीती अगदी खरी होती.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, घरचे माणूस नाही म्हणाले तर समजूत घालायला बसू नका, आधी विचारा, "नेमके काय खुपते आहे?" कोणाला पैसे अडकण्याची धास्ती असते, कोणाला दागिने मोडण्याची. कोणी माहेरी फसवणूक पाहिलेली असते. एकेक शंका वहीत लिहून काढा. ती यादी म्हणजेच तुमच्या तपासाची सुरुवात.

आम्ही तसेच केले. सातबारा काढला. सरकारच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर पाहतो तो पाच नावे! विकणारा एकटा भाऊ, आणि दोन बहिणींना या व्यवहाराचा पत्ताच नव्हता. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच आहे. तिच्या सहीवाचून घेतलेली जमीन म्हणजे विकत घेतलेला दावा. दुसरे असे की, शेतजमिनीचा ठरलेल्या प्रमाणापेक्षा लहान तुकडा पाडून विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी होती. म्हणून तो मध्यस्थ म्हणत होता, "खरेदीखत राहू द्या सर, नोटरी करून देतो." श्रोते हो, नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मिळकत विकत घ्यायची तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखतच लागते. तुकडेबंदीत अलीकडे वस्तीच्या भागातील जुन्या तुकड्यांना काही सवलती मिळाल्या आहेत. पण आपला तुकडा त्यांत बसतो का, हे कचेरीत विचारल्यावाचून पैसे देऊ नका.

सोमवार आला आणि गेला. आम्ही इसार दिला नाही. पाटल्या हातातच राहिल्या.

आता जागा घेऊ पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सातबारा काढलात तर त्यावरची नावे वाचाच, पण 'भोगवटादार वर्ग' हा रकानाही वाचा. वर्ग २ असेल तर ती जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. आपल्या मराठवाड्यात इनामाच्या आणि देवस्थानाच्या जमिनी पुष्कळ आहेत, तिथे विशेष जपा. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कोर्टाचा दावा दिसतो. जुने फेरफार काढा आणि वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घ्या. प्लॉट असेल तर बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकनाचा नकाशा मागा, आणि नकाशावरचा रस्ता जमिनीवर आहे का, हे चालत जाऊन पाहा. गावठाणातले घर घेत असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहा; मात्र तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे. खरेदीनंतर फेरफार होऊन आपले नाव लागेपर्यंत काम पुरे झाले असे समजू नका.

पैशाचेही तसेच आहे. किमतीवर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि वकिलाची फी लागते, ती आधीच धरा. दुखण्याखुपण्याचे पैसे आणि एका दुष्काळी वर्षाचा घरखर्च बाजूला काढा. त्यातून उरेल तेवढीच जागा आपली. सोने रात्रीतून मोडता येते; जमीन गरजेच्या दिवशी विकायला गेलात तर पडत्या भावाने जाते. म्हणून बायकोचे दागिने मोडून किंवा सावकाराचे पैसे काढून पहिली जागा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे नाव दोघांचे लावा. ही काही माझी नवी कल्पना नव्हे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, आणि त्यानंतर शरद जोशींच्या हाकेवरून 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ उभी राहिली. साध्या शेतकऱ्यांनी आपल्या रानातला वाटा आपणहून बायकांच्या नावे केला. पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय सरकारने १९९२ च्या परिपत्रकाने केली. गावातले घर दोघांच्या नावे नोंदवण्यासाठी २००३ मध्ये 'घर दोघांचे' ही मोहीम आली. राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही आहे. सोयी आहेत, अर्ज करणारे हात थोडे आहेत. शिक्षक बंधूभगिनींनी मनावर घेतले आणि गावात एकेका घरी सातबारा वाचून दाखवला, तरी मोठे काम होईल.

आमचे पुढे काय झाले, ते सांगून पुरे करतो. दीड वर्षाने मंजूर रेखांकनातला एक लहान प्लॉट मिळाला. पहिल्यापेक्षा महाग आणि गावापासून जरा लांब. या वेळी कागद तिने माझ्याआधी वाचले. निबंधकाच्या कचेरीत दोघांचे फोटो निघाले, दोघांचे अंगठे उठले. घरी आल्यावर तिने खरेदीखत एका पत्र्याच्या डब्यात ठेवले, गट नंबर आणि दस्त नंबर आपल्या वहीत उतरवला, आणि एक झेरॉक्स दुसऱ्या गावी बहिणीकडे पाठवली. मी विचारले, "अगं, बहिणीकडे कशाला?"

ती म्हणाली, "एकाच घरात सगळे कागद ठेवू नयेत. आईचे सगळे कागद एकाच घरात होते."

श्रोते हो, तुमच्या घरचे माणूस कचरत असेल तर त्याला आधी जागेवर घेऊन जा, कागद दाखवा, आणि सहीला शेजारी बसवा. एवढे करूनही त्याचे मन होईना, तर थांबा. जागा दुसरी मिळेल. घरातला विश्वास मात्र कोणत्याही कचेरीत नोंदवून मिळत नाही.