शिशाला पर्याय शोधताना



आजचा विषय दिसायला छोटा आहे. काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिशाऐवजी दुसऱ्या धातूची ओतता येईल का, एवढाच प्रश्न. पण तो सोडवू गेलं की धातुशास्त्र, कायदा आणि एका गिधाडाचं आयुष्य, तिन्ही हातात येतात.

सॅम्युअल कोल्टनं रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट घेतलं १८३६ साली. त्याचं १८५१चं ‘नेव्ही’ आणि १८६०चं ‘आर्मी’ ही मॉडेलं अमेरिकेच्या यादवी युद्धात फार वापरली गेली. आज त्यांच्या प्रतिकृती इटलीत तयार होतात आणि इतिहासाचे शौकीन त्या चालवतात. या पिस्तुलाला आजच्यासारखं तयार काडतूस नसतं. फिरत्या नळकांड्यात सहा घरं असतात. प्रत्येक घरात समोरून दारू ओतायची, तोंडावर गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्यानं ती आत दाबायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते. दाबताना तिच्या कडेचं शिसं कापलं जातं आणि केसासारखं बारीक, चकचकीत कडं बाहेर पडतं. ते कडं अखंड निघालं की गोळी घट्ट बसली असं समजायचं. ती घट्ट बसली नाही, तर एका बाराच्या धक्क्यानं शेजारच्या घरांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि नळकांडं अडकतं.

हे काम शिशाइतकं चोख दुसरा धातू करत नाही. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे साध्या शेगडीवरही. साच्यात ते नीट भरतं, पाण्याच्या सव्वाअकरा पट जड असतं आणि नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ असतं. शिकाऱ्यांनी आणि शिपायांनी शतकानुशतकं शिसंच वापरलं, ते या गुणांमुळे.

मग ते सोडायचं कशाला? उत्तरासाठी कॅलिफोर्नियात जावं लागतं. तिथला कॉन्डोर हा पंख पसरले की साडेनऊ फूट भरणारा गिधाडवर्गातला पक्षी. १९८२ साली जगात अवघे २२ कॉन्डोर उरले होते. १९८७मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून बंदिवासात आणला, तिथे पैदास केली आणि १९९२पासून पुन्हा रानात सोडायला सुरुवात झाली. सोडलेले पक्षी मरू लागले, आणि त्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण शिशाची विषबाधा हे निघालं. वेगवान रायफलची शिशाची गोळी हरणाच्या अंगात शिरली की फुटते. अशा हरणांच्या क्ष-किरण चित्रांत जखमेभोवती शेकडो पांढरे ठिपके दिसतात. ते सगळे शिशाचे कण. शिकारी मांस नेतो, आतडी रानात टाकतो. कॉन्डोर ती खातो आणि त्याच्या जठरातलं तीव्र आम्ल ते कण विरघळवतं.

आपल्याकडची गिधाडं गेली ती जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे. कारण वेगळं, पण वाट तीच: माणसानं जनावरात जे सोडलं, ते मेलेलं खाणाऱ्याच्या पोटात गेलं. आपण २००६मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९पासून बंदुकीनं होणाऱ्या सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळीला मनाई केली. काळ्या दारूची गोळी मंद गतीची असते, रायफलच्या गोळीसारखा तिचा चुरा होत नाही. तरीही कायद्यानं तिला सूट दिलेली नाही, आणि ते मला योग्य वाटतं. शिसं अखंड गिळलं तरी विषच असतं.

आता पर्याय पाहू. कथील २३२ अंशांना वितळतं आणि साच्यात उत्तम भरतं. पण ते शिशाहून कठीण असतं आणि त्याच आकाराच्या गोळीचं वजन जेमतेम दोन तृतीयांश भरतं. दाबताना दांड्यावर ताण येतो. ताण टाळायला गोळी लहान घेतली, तर पकड सुटते. जस्त आणखी कठीण, आणि वितळायला ४१९ अंश मागतं. बिस्मथ वजनात शिशाच्या जवळ जातं आणि २७१ अंशांना वितळतं, पण ठिसूळ असतं. शिवाय थिजताना बहुतेक धातू आकसतात आणि बिस्मथ फुगतं. म्हणून त्याच साच्यातली गोळी शिशाच्या गोळीपेक्षा मोठी निघते. कथील आणि बिस्मथ यांचं मिश्रण करून मधला मार्ग काढता येतो. तरी शिशासारखं ते मऊ कडं निघत नाही, आणि खर्च कित्येक पट वाढतो.

म्हणजे शिशाची तंतोतंत जागा घेणारा धातू नाही. यावरून ‘मग जुनंच बरं’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो मान्य नाही. गोळीची परीक्षा ती निशाणावर लागेपर्यंतच करायची, ही आपली सवय चुकीची आहे. लागल्यानंतर ती कुठे जाते, कोणाच्या पोटात जाते, हाही तिच्या गुणदोषांचाच भाग आहे. कथलाची गोळी थोडी हलकी पडेल, भरायला जड जाईल. कारागिरानं साचा बदलावा, हात बसवावा. ते त्याला जमतं. कॉन्डोरला दुसरं जठर घेता येत नाही.

शिशाची पहिली झळ मात्र ओतणाऱ्याच्या घरालाच बसते. वितळलेल्या शिशावरची मळी काढताना तिची बारीक पूड हाताला, कपड्यांना लागते आणि तिथून मुलांच्या तोंडात जाते. मुलांच्या मेंदूला शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित असल्याचं आढळलेलं नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे केवळ अमेरिकेतल्या शौकिनांपुरतं नाही. कोकणात मासे पकडायच्या पागाच्या कडेला शिशाची वजनं असतात, जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वस्त्यांमध्ये वितळवलं जातं. तेव्हा तुम्हा सर्वांना माझी एवढीच विनंती आहे: शिसं घरात वितळवू नका, स्वयंपाकाचं भांडं त्याला लावू नका, आणि ते काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर मुलांना उचलून घेण्याआधी हात धुवायला आणि कपडे बदलायला त्याला आवर्जून सांगा.