अठरा मिनिटांचं व्यासपीठ

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे १९८४ साली सुरू झालेल्या टेड या बहुविषयक परिषदेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हजारो डॉलर भरणाऱ्यांनी १८-१८ मिनिटांची भाषणं ऐकून पर्यावरण कसं वाचणार? प्रश्न रास्त आहे. पण २००६ ची परिषद पाहा. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर हवामानबदलावर बोलले, केन रॉबिन्सन शाळेत कोमेजणाऱ्या सर्जनशीलतेवर. हान्स रोसलिंग यांनी जगाची आकडेवारी पडद्यावर हलती केली. आणि कचरा, वीजकेंद्रं यांचा भार सोसणाऱ्या न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉंक्सच्या मेजोरा कार्टर यांनी त्याच मंचावरून गोर यांना स्पष्ट सांगितलं, की आपण अनुदान मागत नाही. निर्णय होताना वस्तीतली माणसं तिथे हवीत. एकाच विषयाच्या परिसंवादात अशी गाठ क्वचितच पडते, आणि परिषदेचं खरं मोल मला त्यातच दिसतं.

१८ मिनिटांत विषयाचा तळ गाठता येत नाही, हे मान्य. त्यासाठी पुस्तकं आहेत. शुल्काचा आक्षेप अधिक गंभीर. त्याच वर्षी जूनपासून भाषणं इंटरनेटवर मोफत येऊ लागली, पुढे स्वयंसेवकांनी काहींना मराठी सबटायटल्सही दिली. तरी हे उत्तर अर्धंच आहे, कारण गोर यांना हे थेट सांगायला कार्टर यांना तिथे हजरच असावं लागलं.