लोकप्रतिनिधींची मुदत

जो मनुष्य लोकांच्या मतांवर अधिकारपदीं चढतो, त्याला लोकांनींच खालीं उतरवावें, कीं कायद्यानें त्याच्या कारकीर्दीला आधींच सीमा घालून द्यावी, हा प्रश्न लोकसत्तेइतकाच जुना आहे. अथेन्स नगरींत पांचशें सभासदांच्या मंडळांत एका नागरिकास उभ्या आयुष्यांत दोहोंपेक्षां अधिक वेळां बसतां येत नसे. तामिळ देशांत उत्तरमेरूर येथें दहाव्या शतकाच्या आरंभींच्या शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांचे नियम कोरलेले आहेत. लगतच्या तीन वर्षांत जो समितीवर होता त्याचें नांव चिठ्ठ्यांच्या घटांत घालूं नये, असा त्यांत निर्बंध आहे. अधिकार फिरता ठेवावा, हें शहाणपण पूर्वेसहि ठाऊक होतें आणि पश्चिमेसहि.

अर्वाचीन काळांत ह्या प्रश्नाचा मोठा खल अमेरिकेंत झाला. १७८१ सालीं अंमलांत आलेल्या संघपत्रान्वयें कोणाहि प्रतिनिधीस सहा वर्षांच्या अवधींत तीन वर्षांहून अधिक काळ बसण्याची मनाई होती. १७८७ सालीं नवी राज्यघटना सिद्ध झाली, तींत हें कलम उरलें नाहीं. जेफर्सनास ती गोष्ट, विशेषतः राष्ट्राध्यक्षाच्या बाबतींत, रुचली नाहीं. मॅडिसनचें मत निराळें होतें. कायदे करण्याचें ज्ञान पुष्कळसें प्रत्यक्ष कामानेंच येतें, आणि सभागृहांत नवख्यांचाच भरणा झाला तर ते सहज कोणाच्या तरी जाळ्यांत सांपडतात, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढें १९५१ च्या घटनादुरुस्तीनें राष्ट्राध्यक्षावर दोन निवडणुकांची मर्यादा पडली. कायदेमंडळ मात्र मोकळेंच राहिलें.

ह्या मोकळीकीचें फळ पाहावयाचें तर मिशिगन संस्थानांतील डिंगेल घराण्याकडे पाहावें. १९३३ सालीं पिता प्रतिनिधिगृहांत गेला. १९५५ सालीं त्याच्या मृत्यूनंतर पुत्र जॉन डिंगेल तेथें आला व २०१५ पर्यंत, म्हणजे ५९ वर्षांहून अधिक काळ, राहिला. त्याच्यामागून ती जागा त्याच्या पत्नीस मिळाली. एका घरांत ८० हून अधिक वर्षें जागा राहावी, हें लोकसत्तेचें लक्षण कीं वतनदारीचें, असें कोणीं विचारल्यास तो प्रश्न अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. परंतु दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. पित्यानें पुरस्कारिलेली सार्वत्रिक आरोग्यविम्याची कल्पना पुत्रानें पुनःपुन्हां सभागृहापुढें मांडली. १९६५ सालीं वृद्धांच्या औषधोपचाराची योजना मंजूर झाली तेव्हां सभागृहाच्या अध्यक्षस्थानीं तोच बसला होता, आणि २०१० सालीं आरोग्यविम्याचा व्यापक कायदा झाला तेव्हांहि तो सभासद होता. इतका दम सहा वर्षांत घरीं जाणाऱ्या माणसाला कोठून धरवणार?

१९९० नंतर अमेरिकन मतदारांचा धीर सुटला. १९९२ सालीं आर्कान्सा संस्थानानें ठरविलें कीं, प्रतिनिधिगृहांत तीनदां अथवा सीनेटमध्यें दोनदां निवडून आलेल्याचें नांव मतपत्रिकेवर छापूं नये. १९९५ पर्यंत २३ संस्थानांत असे निर्बंध झाले होते. त्या वर्षीं मार्च महिन्यांत प्रतिनिधिगृहांत घटनादुरुस्तीस २२७ मतें अनुकूल व २०४ प्रतिकूल पडली. दोनतृतीयांश बहुमत न मिळाल्यामुळें ती बारगळली. मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं निर्णय दिला कीं, राष्ट्रीय कायदेमंडळाच्या सभासदांची पात्रता राज्यघटनेनें ठरविली असून संस्थानांना तींत भर घालतां येणार नाहीं. वाट उरली ती घटनादुरुस्तीचीच.

जेथें मर्यादा प्रत्यक्ष आली, तेथें काय घडलें? मेक्सिकोंत १९१० ची क्रांति पुनर्निवडणुकीच्या विरोधांतूनच उठली. १९३३ सालीं तेथें कायदेमंडळाच्या सभासदांस लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्याची बंदी झाली. हेतु उदात्त होता. पण तीन वर्षांनीं मतदारांकडे परत जावयाचेंच नसल्यामुळें सभासदाची दृष्टि मतदारांवरून उडून पुढची नेमणूक देणाऱ्या पक्षश्रेष्ठींकडे लागली, आणि एकच पक्ष अनेक दशकें बलाढ्य होऊन बसला. २०१४ सालीं सलग बारा वर्षांपर्यंत पुनर्निवडणुकीस मोकळीक मिळाली. २०२५ सालीं ती २०३० पासून पुन्हां काढून घेण्याचें ठरलें. फिलिपाइन्सच्या १९८७ च्या घटनेनें प्रतिनिधीस लागोपाठ तीन मुदतींची सीमा घातली. तेथें पुष्कळ ठिकाणीं नवव्या वर्षीं पति उतरतो आणि पत्नी, पुत्र किंवा बंधु चढतो.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. सभासदाच्या हातून काढून घेतलेला अधिकार हवेंत विरत नाहीं; तो कोणाच्या तरी हातीं जातो. मेक्सिकोंत तो पक्षाकडे गेला, फिलिपाइन्समध्यें घराण्याकडे. सभागृहांतील सारेच नवखे झाले तर तो दप्तर सांभाळणाऱ्यांकडे व धनिकांच्या वकिलांकडे जाण्याचें भय असतें. सवाई माधवराव बालवयांत गादीवर असतां कारभार नाना फडणविसांच्या हातीं राहिला. नाना कर्तबगार होते म्हणून निभावलें. पण प्रत्येक फडावर नानाच बसेल, ह्याची हमी कोणी द्यावी?

भारताच्या संसदेला अशी मर्यादा नाहीं. इंद्रजित गुप्त अकरा वेळां लोकसभेवर निवडून आले. कोंकणांतील राजापूरच्या मतदारांनीं मधु दंडवते ह्यांना १९७१ पासून लागोपाठ पांचदां पाठविलें. अशा माणसांना नियमाच्या आधारें घरीं बसविलें असतें, तर तोटा सभागृहाचाच होता. शिवाय रोगाचें स्वरूपहि येथें निराळें आहे. अमेरिकेंत प्रतिनिधिगृहाच्या बहुतेक निवडणुकांत उभ्या राहिलेल्या जुन्या सभासदांपैकीं शेंकडा ९० हून अधिक पुन्हां निवडून येतात. २०२४ च्या लोकसभेंत निम्म्याहून अधिक सभासद प्रथमच आले. येथें जागा अढळ नाहीं. उमेदवारी देणारा हात पुष्कळदां अढळ आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचें सभासदत्व धोक्यांत येतें. अशा सभासदाच्या मुदतीलाहि कात्री लावली, तर त्याच्यापाशीं स्वतःचें असें बळ काय उरणार?

म्हणून आजन्म बंदीपेक्षां उत्तरमेरूरचा मार्ग अधिक सुज्ञपणाचा दिसतो. दीर्घ मुदत द्यावी, कांहीं काळ विसांवा सक्तीचा करावा, आणि मग मतदारांना वाटल्यास तोच मनुष्य पुन्हां निवडण्याची मुभा असावी. परंतु त्याच्याहि आधीं पक्षांच्या अंतर्गत निवडणुका खऱ्या व्हाव्यात, आणि उमेदवार निवडण्यांत सामान्य सभासदाला मत असावें. दाराला कुलूप लावण्यापूर्वीं किल्ली कोणाच्या कमरेला राहणार, हें पाहून घेणें शहाण्या गृहस्थाचें काम. राष्ट्राच्या घरालाहि तोच न्याय लागू आहे.