एका जुन्या व्याख्यानाची दुरुस्ती

(यंदाच्या उत्सवातील व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तरीही एवढी मंडळी खुर्च्यांवर टिकून आहेत, याबद्दल आधी तुमचे आभार. आमच्या कार्यालयातले अमराठी सहकारीही दरवर्षीप्रमाणे पहिल्या रांगेत आहेत. त्यांच्यासाठी सावकाश बोलेन.

कार्यवाहांनी मला विषय दिला आहे 'जगातील सर्वांत खडतर खेळ'. हा विषय मी या मंडपात पूर्वी एकदा मांडला आहे. २००५ साली. तेव्हाचे व्याख्यान त्या वर्षीच्या स्मरणिकेत छापूनही आले. ते व्याख्यान चुकीचे होते. नवीन काही सांगण्यापूर्वी जुने दुरुस्त करायला हवे, म्हणून मी आज उभा आहे.

ज्यांनी ते ऐकले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली. 'लोतो' नावाच्या क्रीडा दैनिकाचा खप वाढवायचा, हा त्यामागचा सरळ हेतू. संपादक होते आंरी देग्रांज. पहिल्या वर्षी सहा टप्प्यांत २४२८ किलोमीटर अंतर होते. साठ जण निघाले, एकवीस पोचले, मोरिस गारँ जिंकला. त्या दैनिकाचा कागद पिवळा असे. १९१९ पासून आघाडीवरच्या सायकलपटूला पिवळी जर्सी मिळू लागली आणि तो रंग या खेळाचा मुकुट झाला.

आज ही शर्यत तीन आठवडे चालते. एकवीस टप्पे आणि मध्ये विश्रांतीचे दोन दिवस. एकूण अंतर साधारण ३४०० किलोमीटर, म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी रस्त्याने जेवढे होते त्याहून थोडेच कमी. आणि हा रस्ता सपाट नाही. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. पिरेनीज पर्वतातली तूरमाले खिंड २११५ मीटरवर आहे आणि आल्प्समधली गालिबिये २६४२ मीटरवर. अशा दोन-तीन खिंडी एका दिवसात ओलांडायच्या आणि सकाळी पुन्हा खोगिरावर बसायचे. डोंगराच्या दिवशी शरीर पाच हजारांहून अधिक उष्मांक जाळते. रात्री ते भरून काढण्यासाठी खाणे हेही एक कामच होऊन बसते.

दिसायला हा एकट्याचा खेळ, पण खरा खेळ संघाचा आहे. सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा असतो. पुढच्याच्या आडोशाने चालवले की एक तृतीयांशाच्या आसपास शक्ती वाचते. म्हणून सगळे घोळक्याने जातात. संघात आठ जण असतात. त्यांतल्या एकाला जिंकवायचे आणि बाकीच्या सातांनी वारा अंगावर घ्यायचा. मागच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, नायकाचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून द्यायचे. मंडप घालणारे, खुर्च्या मोजणारे आणि शेवटी झाडू मारणारे कार्यकर्ते इथे बसले आहेत. त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आता २००५ कडे येतो. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगने लागोपाठ सातव्यांदा टूर जिंकून निवृत्ती घेतली होती. १९९६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याला कर्करोग झाला होता. तो फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरला होता. त्यातून उठून त्याने १९९९ मध्ये पहिली टूर जिंकली. मी भारावून गेलो होतो. एका नातेवाइकाकडून अमेरिकेतून पंचवीस पिवळे रबरी पट्टे मागवले होते. ते मी व्याख्यानानंतर इथल्या मुलांच्या मनगटांवर चढवले. 'याचे चित्र भिंतीवर लावा', असे मी म्हणालो होतो.

ज्या गोष्टीची आज मला लाज वाटते ती वेगळी आहे. २३ ऑगस्ट २००५ रोजी, म्हणजे माझ्या व्याख्यानाच्या दोनच आठवडे आधी, फ्रान्सच्या 'लेकीप' या क्रीडा दैनिकाने छापले होते की आर्मस्ट्राँगच्या १९९९ च्या साठवलेल्या नमुन्यांत ईपीओ हे औषध सापडले. मी ती बातमी वाचली होती. प्रश्नोत्तरांत एका मुलाने त्याबद्दल विचारलेही होते. मी उत्तर दिले, 'फ्रेंचांना अमेरिकन माणसाचा मत्सर वाटतो.' टाळ्या पडल्या. मुलगा खाली बसला.

ईपीओ म्हणजे काय? आपल्या मूत्रपिंडात हे संप्रेरक तयार होते आणि त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा केमोथेरपीने रक्त कमी झालेल्या रुग्णांना ते इंजेक्शनने देतात. धडधाकट माणसाने घेतले तर स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो आणि चढावर दम टिकतो. पण रक्त दाट होते, गुठळीचा धोका वाढतो. नव्वदच्या दशकात ते शोधणारी चाचणीच नव्हती. १९९८ च्या टूरच्या तोंडावर फेस्तिना संघाच्या मदतनिसाची गाडी सीमेवर अडवली गेली आणि आतला औषधांचा साठा सापडला, तेव्हा हा रोग किती खोल गेला आहे ते जगाला कळले.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने आर्मस्ट्राँगविरुद्धचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्याच संघातल्या अकरा माजी सहकाऱ्यांनी साक्षी दिल्या होत्या. सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. ती सात वर्षे टूरच्या यादीत आज विजेत्याविना आहेत. दुसऱ्या क्रमांकाला बढती देण्याचीही कोणाची हिंमत झाली नाही.

पण मला जास्त बोचली ती क्रिस्तोफ बासाँची गोष्ट. हा फ्रेंच सायकलपटू औषध न घेणारा म्हणून ओळखला जाई. १९९९ च्या टूरमध्ये धावता धावता तो वर्तमानपत्रात लिहीत होता की हा वेग संशयास्पद आहे. आर्मस्ट्राँगने चालत्या शर्यतीत त्याच्या शेजारी सायकल आणून त्याला खेळ सोडून जायला सांगितले. घोळक्यातले कोणी त्याच्याशी बोलेना. त्याने ती शर्यत अर्धवट सोडली आणि २००१ मध्ये खेळही सोडला. मंडपात एका मुलाला मी टाळ्यांच्या जोरावर खाली बसवले होते, ते बासाँबद्दल वाचताना आठवले.

त्या पंचवीस पट्ट्यांपैकी एक मी मुलाला नव्हे, आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना दिला होता. तेव्हा त्यांची केमोथेरपी चालू होती. ते बरे झाले. पट्टा मनगटावरच राहिला. २०१२ ची बातमी आली तेव्हा मी ओशाळून त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी चहा ठेवला. ते हसत म्हणाले, "अहो, त्याला कॅन्सर झाला होता हे तर खरं ना? मी तेवढंच घेतलं होतं. आणि ते इंजेक्शन मलाही दिलं होतं बरं का. मला जिना चढायला, त्याला आल्प्स चढायला."

मला हायसे वाटले. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "माझं सोडा. नातवाने मात्र तुमच्या सांगण्यावरून भिंतीवर चित्र लावलंय. त्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

नातू तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याने एकच विचारले, "काका, तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?" मी सांगितले, "छापून आलं होतं. मी वाचलं होतं. खरं असू नये असं वाटत होतं, म्हणून खोटं ठरवलं." तो काही बोलला नाही. चित्र त्याने त्या दिवशी काढले की नंतर, मला ठाऊक नाही.

माझी चूक नेमकी कुठे झाली, यावर मी पुष्कळ विचार केला. आर्मस्ट्राँगने कष्ट केले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. ईपीओ घेतले म्हणून पायडल आपोआप फिरत नाही. खेळ खडतर होता हे खरेच. पण जो एवढे सोसतो तो खोटे कसे बोलेल, असे मी धरून चाललो. सोसणे आणि सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीची हमी देता येत नाही. खेळातही नाही आणि कचेरीतही नाही.

मग २००५ साली मी कोणाची गोष्ट सांगायला हवी होती? अजझेन क्रिस्तोफची. १९१३ च्या टूरमध्ये तूरमाले उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. नियम असा होता की दुरुस्ती स्वतःच करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. सायकल खांद्यावर मारून तो दहा किलोमीटरहून अधिक चालत खालच्या सेंत-मारी-द-कांपां गावात आला. तिथे लोहाराच्या भट्टीवर त्याने तीनेक तास खपून चिमटा स्वतः जोडला. शर्यतीचे पंच बाजूला उभे राहून बघत होते. भाता हलवायला एका पोराने हात लावला, म्हणून त्याला वेळेचा दंड झाला. तो सातवा आला. १९१९ मध्ये पहिली पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर चढली, आणि त्याही वर्षी चिमटा पुन्हा तुटला. टूर तो कधीच जिंकला नाही. जिंकलेल्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? त्या लोहारशाळेच्या जागी मात्र त्याच्या नावाची पाटी आहे.

आणि आपल्या माणसांच्याही गोष्टी आता सांगता येतात. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही १९८२ पासून होणारी शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर जाते. टूरमध्ये रात्री हॉटेलात झोपायला मिळते. इथे घड्याळ थांबतच नाही. एकट्याने जाणाऱ्याला बारा दिवसांत पोचावे लागते, म्हणून झोप दिवसाला दोन-तीन तासांची. भास होतात. मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरता येत नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ही शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये सैन्यदलातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. एकट्याने पोचलेले हे पहिले दोन भारतीय.

त्यांची चित्रे भिंतीवर लावा, असे मी आज सांगणार नाही. पोगाचारने २०२५ मध्ये चौथी टूर जिंकली तेव्हा इथल्याच मुलांनी मला विचारले, "काका, हा तरी खरा ना?" त्याच्याविरुद्ध काही सिद्ध झालेले नाही. २००८ पासून प्रत्येक व्यावसायिक सायकलपटूच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षे ठेवली जाते, तपासणी पूर्वीपेक्षा पुष्कळ कडक आहे. मी त्याची शर्यत आनंदाने पाहतो. पण हमी देणे माझे काम नाही, हे मी एकदा शिकलो आहे.

शेवटी एका रात्रीची गोष्ट सांगतो. आपल्या शहरात आता 'ब्रेव्हे' होतात. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या सायकल सफरी. बक्षीस नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. ठरलेल्या वेळेत पोचायचे आणि कार्डावर शिक्का घ्यायचा. हे सगळे पुरे केले की पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या सफरीला जाता येते. ती चार वर्षांतून एकदा होते आणि नव्वद तासांत संपवावी लागते. मी स्वतः गुडघ्यांमुळे सायकल चालवत नाही, पण शिक्का मारायला आणि चहाचा थर्मास घेऊन बसायला जातो.

तीनशे किलोमीटरला वीस तास असतात. सकाळी सहाला निघालेल्यांनी रात्री दोनपर्यंत यायचे. त्या रात्री शेवटचा स्वार आला तो चिखलाने माखलेला. वाटेत दोन पंक्चर झाले होते. आमच्या त्या सहकाऱ्यांचा नातू. आजोबा आता नाहीत. घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटे झाली होती. टेबलाशी मी एकटाच होतो. कार्ड माझ्या हातात, पेनही माझ्या हातात. खरे सांगतो, माझ्या मनात एक वाजून एकोणसाठ लिहावे असे आले.

त्याने कार्ड माझ्या हातातून हलकेच काढून घेतले. "काका, वेळ झाली. चहा आहे का?" एवढेच म्हणाला.

आम्ही दोघांनी चहा घेतला. उजाडेपर्यंत बसलो होतो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा तीनशेला उतरला.

कार्यवाहांना एक विनंती आहे. २००५ च्या स्मरणिकेत माझे पहिले व्याख्यान छापलेले आहे. ही दुरुस्ती यंदाच्या स्मरणिकेत छापावी. आणि त्या वर्षी 'लेकीप'ची बातमी विचारणारा जो मुलगा होता, तो कुठे असेल तिथे त्याच्यापर्यंत कोणीतरी हे पोचवावे. तुझा प्रश्न बरोबर होता, बाळा. खाली बसायला नको होतेस.

गणपती बाप्पा मोरया!