न उघडलेली यादी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तापूर्ण व्याख्यान माझ्याकडून होणे नाही. स्वतःची एक चूक कबूल करावी आणि तीतून जे शिकलो ते आपणांस सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

गतवर्षी विद्यार्थी साहाय्य निधीची यादी तपासण्याचे काम मजकडे आले. चिटणीसांनी ती व्हॉट्सॲपवरून पाठविली. तिच्या नावाच्या शेवटी ‘एक्सएलएसएक्स’ अशी अक्षरे होती. माझ्या फोनवर ती उघडेना. एका दुकानदाराने सांगितले की, सबंध ऑफिस घ्यावे लागेल व दरसाल वर्गणी भरावी लागेल. दुसऱ्या कोणाला विचारण्याची मला लाज वाटली, आणि ‘यादी पाहिली, ठीक आहे’ असे मी कळवून टाकले. न वाचता सही करू नये, असे जन्मभर मुलांना शिकविणाऱ्या मास्तराचे हे वर्तन! त्या यादीत एका पितृहीन मुलीच्या बँक खात्याच्या क्रमांकातील आरंभीचे शून्य गळले होते. पैसे परत आले, शुल्काची मुदत टळली आणि तिच्या आईला शेजाऱ्यांपुढे हात पसरावा लागला. क्षमा मागावयास मी गेलो, तेव्हा त्या मुलीनेच माझ्या फोनवर ती यादी क्षणार्धात उघडून दाखविली.

हा तक्ता म्हणजे आपल्या हजेरीपटाचाच भाऊ होय. उभे रकाने, आडव्या ओळी. एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्यास ही कल्पना हार्वर्ड येथे वर्गातील फळा पाहून सुचली. फळ्यावरील एक आकडा चुकला की पुढचे सारे पुसावे लागे. त्यातूनच 1979 साली ‘व्हिजिकॅल्क’ निघाले. एक्सेल त्यानंतर, 1985 साली आले.

आता उघडण्याच्या वाटा. फाईल जीमेलवर आली असेल, तर संगणकावर तिच्यावर टिचकी मारताच ती वाचता येते. फोनवर ‘गूगल शीट्स’ हे लहानसे विनामूल्य ॲप पुरते. आयफोनवर तर नुसते पाहण्यास तेही लागत नाही. संगणकावर काही बसवावयाचे नसेल, तर गूगल ड्राइव्हमध्ये फाईल ठेवून शीट्समध्ये उघडावी, किंवा मायक्रोसॉफ्टचे विनामूल्य खाते काढून ब्राउझरमध्येच एक्सेल वापरावे. शेवटी ‘सीएसव्ही’ असेल, तर साधे नोटपॅडही चालते. स्वल्पविरामांनी विभागलेला तो निव्वळ मजकूर असतो. ज्यांना नेहमीच हिशेब करावयाचा आहे, त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, आणि त्याची पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्तीही मिळते. पूर्वी मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल व्ह्यूअर’ असे. ते एप्रिल 2018 मध्ये बंद झाले. त्या नावाने कोणी अनोळखी ठिकाणाहून काही देऊ केल्यास घेऊ नये.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. फाईल रूपांतरित करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर ज्ञातीची यादी कदापि चढवू नये. त्यांत आपल्या लेकीसुनांचे फोन क्रमांक असतात, खाते क्रमांक असतात. परक्याच्या ओटीवर घरची चोपडी ठेवून यावी, तसे ते होईल. शेवटी ‘एक्सएलएसएम’ असलेल्या फाईलमध्ये आपोआप चालणाऱ्या आज्ञा असू शकतात. पाठविणारा ओळखीचा नसेल तर ती उघडूच नये. तक्ता उघडल्यावर खालच्या बाजूची पानेही पाहावीत, कारण पुष्कळदा निम्मी यादी दुसऱ्या पानावर असते.

मंडळासही माझी नम्र विनंती आहे. खाते क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवावा. तो संख्या म्हणून लिहिला तर आरंभीचे शून्य जाते, आणि एक्सेलमध्ये 15 अंकांपुढील अंकांच्या जागी शून्ये येतात. शिवाय तक्त्यासोबत त्याची पीडीएफ प्रतही पाठवावी. ती बहुतेक स्मार्टफोनवर सहज वाचता येते.

बंधुभगिनींनो, न येणे ही लाजेची गोष्ट नव्हे. न येता आले असे सांगणे ही लाजेची गोष्ट आहे. यंदाची यादी मी ओळ न् ओळ वाचली, आणि त्या मुलीचा खाते क्रमांक तिच्या पासबुकाशी दोनदा ताडून पाहिला. घरातील ज्येष्ठांनी नातवंडांस नि:संकोच विचारावे, आणि नातवंडांनी न हसता सांगावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.