शीर्षकावरून ग्रंथाचा शोध

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही पेशाने डॉक्टर. ग्रंथपालनशास्त्राचे जाणकार नव्हे. तरीही ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर बोलावयास उभे आहोत, त्याचे कारण आमच्या घरातच घडले. आमच्या कन्येला विद्यापीठातील निबंधासाठी ‘मूकनायक’ हवे होते. तिने ग्रंथालयाच्या सूचीत शीर्षक टाइप केले. उत्तर आले, एकही नोंद नाही. ती आम्हांस म्हणाली, “पप्पा, असं वृत्तपत्र खरंच होतं ना?” ३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी सुरू केलेल्या पाक्षिकाविषयी आमच्याच लेकीच्या मनात शंका यावी, याने आम्ही अस्वस्थ झालो.

बाबासाहेब १९१६ साली प्रथम लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले आणि बोटीने पाठविलेले त्यांचे ग्रंथ समुद्रात बुडाले. १९२० साली ते पुन्हा आले आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात व इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात त्यांनी अहोरात्र अभ्यास केला. म्युझियमची छापील सूची मुख्यत्वे लेखकांच्या नावांनुसार रचलेली होती. ज्यास केवळ शीर्षक ठाऊक, त्याची तेथे पंचाईत होई. आज आपण घरबसल्या शीर्षकावरून शोधतो. ही सोय मोठी आहे, परंतु यंत्र अक्षरे जुळवते. आपल्या मनातला ग्रंथ ते ओळखीत नाही.

आमच्या कन्येची चूक एवढीच झाली, की तिने ‘मूकनायक’ आपण बोलतो तसे रोमन लिपीत लिहिले : आरंभी दोन ‘ओ’ आणि शेवटी ‘के’. ग्रंथालये मराठी शब्दाचे लिप्यंतर ठरावीक नियमाने करतात. त्यात अक्षरातला ‘अ’ उच्चारात लोपला तरी लिहितात. म्हणून तेथे लिहावे लागते : एम-यू-के-ए-एन-ए-वाय-ए-के-ए. ग्रंथपालबाईंनी तसे लिहिताच नोंद पुढे आली. ‘बाबासाहेब’ या शब्दाच्या शेवटीही असाच एक ‘ए’ जोडावा. काही सूचींत देवनागरी नोंदीही असतात. तेव्हा दोन्ही लिप्यांत शोधावे.

दुसरी अडचण शीर्षक बदलण्याची. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला; १९४७ च्या आवृत्तीचे नाव मात्र ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ असे आहे. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ पुढच्या आवृत्तीत ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ झाला. एका नावाने शोधणाऱ्यास दुसरी आवृत्ती दिसत नाही.

तिसरी अडचण खंडांची. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध केली. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ पहिल्या खंडात आहे, ‘हू वेअर द शूद्राज?’ सातव्यात. ग्रंथ कपाटात असतो, पण सूचीत बहुधा मालिकेचेच नाव असते.

आमच्या दवाखान्यात आडनावाचे स्पेलिंग चुकले की रुग्णाचे कागद सापडत नाहीत. म्हणून रुग्ण अस्तित्वात नाही असे आम्ही म्हणत नाही. जन्मतारीख विचारतो. ग्रंथाचेही तसेच करावे. शीर्षकाने सापडला नाही, तर लेखक व प्रकाशनवर्ष घालावे. वर्णक्रमाने शोधताना आरंभीचा ‘द’ वगळावा. ‘लायब्ररी हब डिस्कव्हर’ या विनामूल्य सूचीत ब्रिटनमधील अनेक विद्यापीठीय व राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र पाहता येतात. आणि शेवटी ग्रंथपालास विचारण्यात संकोच बाळगू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ब्रिटिश लायब्ररीची सूची बंद पडली. ती जानेवारी २०२४ मध्ये मर्यादित स्वरूपात पुन्हा खुली झाली. त्या काळात ग्रंथ जागेवरच होते, पण नोंदीवाचून त्यांच्यापर्यंत पोहोचणे दुष्कर झाले होते. नोंदीचे मोल यावरून ध्यानी यावे.

आता आपल्याविषयी. या देशातील २००३ च्या कायद्यानुसार येथे प्रसिद्ध होणाऱ्या छापील प्रकाशनाची एक प्रत महिन्याभरात ब्रिटिश लायब्ररीस द्यावयाची असते. भाषेची अट नाही. मग आपल्या स्मरणिका कोठे आहेत? कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गॅरेजमधील खोक्यात. पहिल्या पिढीने येथे विहार कसा उभारला, जयंती कोणत्या भाड्याच्या सभागृहात साजरी केली, हे सारे त्यांत आहे. त्यातही दरवर्षी मुखपृष्ठावरील नाव निराळे! आमची नम्र सूचना अशी, की स्मरणिकेचे एकच नाव कायम ठेवावे, ते देवनागरीत व रोमन लिपीत छापावे, वर्ष स्पष्ट घालावे आणि प्रत ग्रंथालयात जमा करावी. जुने अंक ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते कार्यकारिणीकडे आणून द्यावेत. तेही ग्रंथालयाने स्वीकारावेत म्हणून आम्ही स्वतः पत्रव्यवहार करू.

‘शिका’ असा आदेश देणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. उद्या एखादी नात आपल्या आजोबांविषयी शोध घेईल, तेव्हा ‘एकही नोंद नाही’ असे उत्तर तिला मिळता कामा नये.

जयभीम! नमो बुद्धाय!