बर्ड फ्लू : खुराड्यापासून रुग्णशय्येपर्यंत
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तरीही आज हिशेबाबरोबरच बर्ड फ्लूविषयी बोलणे मला अगत्याचे वाटते. कोरेगाव भीमाच्या पंचक्रोशीत कुक्कुटपालनावर संसार चालविणारी कुटुंबे आहेत आणि आपल्या भीमेच्या खालच्या अंगास, उजनीच्या जलाशयावर, दर हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात.

भारतात पक्ष्यांमधील हा रोग प्रथम आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, फेब्रुवारी २००६ मध्ये. प्रारंभी मानमोडीचा संशय होता. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूचे निदान केले. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. सुदैवाने तेथे माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. परंतु २०२१ मध्ये हरियाणातील एका अकरा वर्षांच्या मुलाचा या विषाणूने बळी घेतला. २००३ पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या नऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत.

नियंत्रणातील अडचणी तीन आहेत. विषाणू सतत रूप पालटतो. बदके व पाणपक्षी आजारी न दिसताही तो वाहून नेतात. तिसरी अडचण माणसाच्या भीतीची आहे. बातमी फुटली की बाजार बसतो, म्हणून मरतुक लपविण्याचा मोह होतो. वास्तविक भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे विलंबाने शेतकऱ्याचेच नुकसान वाढते.

ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. म्हणून आप्तजनांना विनंती, की ताप व धाप असलेला रुग्ण कोंबड्यांच्या सान्निध्यात होता का, हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. नीट शिजविलेले मांस व अंडी यांची भीती बाळगू नये.

देणगीदारांना एकच सांगणे आहे. विलगीकरणाची खोली रिकामी राहिली आणि संरक्षक पोशाख न वापरता मुदतबाह्य झाले, तर ताळेबंदात तो खर्च व्यर्थ दिसेल. तो व्यर्थ दिसावा, हीच आपली प्रार्थना असली पाहिजे.